अंकुशची तिथी

नागभीड तालुका
पोळा होऊन गेल्यावरचा गुरुवार

प्रिय दिव्या,

तुला आणि तुझ्या बाबांना, लटारूभाऊंना, आमच्या घरून आशीर्वाद आणि नमस्कार.

अंकुशचं सामान पोचलं. रेल्वेच्या पार्सलने नागभीड स्टेशनात आलं, तिथून ऑटोने घरी. पार्सलचे पैसे डोंगरमोहिमेच्या लोकांनी तिकडेच भरले होते. हमालाला तीस लागले आणि ऑटोला दीडशे. ऑटोवाला दोनशे म्हणत होता, अंकुशचे बाबा मुकाट्याने देतही होते, मीच पन्नास कमी करायला लावले. आत काय आहे हे त्या बिचाऱ्याला कुठे माहीत! पिसांचं फुगीर जाकीट एक, झोपायची पिशवी एक, लोकरीचे मोजे तीन जोड, त्यातला एक कागदाच्या पट्टीसकट कोरा, लाल हेल्मेट, दोरीचे लोखंडी आकडे, मी दिलेला लिंबाच्या लोणच्याचा डबा अर्धा, आणि ते जाडं पुस्तक, जुन्या काळच्या मोहिमांचं. एवढंच. लोणच्याला बुरशी लागलेली नव्हती. मोजे धुवून वाळत घातले. जाकीट अजून धुतलं नाही.

फोन मी केला होता. तुमच्या गावाला टॉवर नाही, तू बाजाराला धानोऱ्याला आलीस की लागतो, हे मला ठाऊक आहे. दोन बाजारांच्या दिवशी घंटी वाजली, तू उचलला नाहीस. हरकत नाही. फोनवर मलाही बोलता आलं नसतं. मॅट्रिकपर्यंत शिकले ते पोथी वाचायला आणि घरखर्च लिहायला उपयोगी पडलं, आता हे पत्र लिहायला पडतं आहे.

इकडचं सांगते. धानाचं रोवणं यंदा उशिरा झालं, पण झालं. अंकुशचे बाबा सकाळी बांधीत जातात ते दिवस मावळताना येतात. बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून असतात, असं शेजारचे सांगतात. पोळ्याला आमच्या बैलांच्या शिंगांना रंग लागला नाही. घरात ना सुतक, ना सण, असं झालं आहे. तुळशीला पाणी घालते तेव्हा आता मागू काय हेच सुचत नाही, म्हणून नुसतं पाणी घालते. माझे भासरे, अंकुशचे मोठे बाबा मुखरूभाऊ, एक दिवस ओसरीवर येऊन बसले नि म्हणाले, "वच्छला, असं कुठवर चालन? ना धड रडून राह्यले, ना धड जेवून राह्यले. पोराले मोकळं करा आता." अंकुशचे बाबा उठून बैलांकडे गेले. ते हल्ली बोलत नाहीत. मग मुखरूभाऊच नागभीडच्या गुरुजींकडे गेले आणि दिवस धरून आले. येत्या पितृपक्षातली अष्टमी.

तुमच्यात ही रीत नाही, म्हणून समजावून लिहिते. देह मिळाला नाही तर आमच्याकडे पळसाच्या देठांचा माणूस करतात. देठांच्या जुड्यांचे हात, पाय, छाती, सगळं दर्भाने बांधायचं, डोक्याच्या जागी नारळ, वर कणकेचा लेप आणि नवं वस्त्र. मग घरच्या माणसाला न्यावं तसं न्यायचं आणि अग्नी द्यायचा. राख मार्कंड्याला वैनगंगेत. आपल्या झाडीत पळसाला तोटा नाही. जन्मभर मी त्याच्या पानांच्या पत्रावळी लावल्या, एक देठ वाया जाऊ दिला नाही. आता देठांचे दोन भारे पडवीत पडले आहेत आणि मी त्यांना वळसा घालून जाते. मुखरूभाऊंनी आणलेला नारळ लहान होता. मी परत पाठवला. ते म्हणाले, "तू तं दुकानदाराशी रुपयासाठी भांडते, आन् आता मोठा नारळ पाह्यजे तुले?" मी म्हटलं, भाऊजी, अंकुशचं डोकं मोठं होतं, शाळेतली टोपी त्याला एकही बसली नाही. दुसऱ्या दिवशी मोठा नारळ आला.

अडलं ते तिथीपाशी. गुरुजींनी सगळी यादी सांगून झाल्यावर विचारलं, बाई, गेल्याची तिथी कोणती? मोहिमेच्या सरांनी दिलेल्या कागदावर इंग्रजी तारीख आहे. पंचांगात पाहिलं तर ती वैशाख शुद्ध एकादशी. गावातल्या बाया तेव्हापासून हेच सांगून जातात की एकादशीचं मरण, माय, पुण्यवान होता पोरगा. मी इतक्या एकादश्या केल्या, पण हे पुण्य माझ्या गळ्याखाली उतरत नाही. तुमच्या गावच्या रस्त्याला गेलेल्या माणसांचे दगड उभे असतात, अंकुशने मला मोबाईलमध्ये दाखवले होते. दगड आपला बारा महिने उभा असतो, तुमचा माणूस केव्हाही आला तरी त्याला जागा सापडते. आमच्यात तसं नाही. गेला त्या तिथीला दर वर्षी त्याचं पान वाढायचं, त्याच तिथीला तो दारात येतो. दुसऱ्याच दिवशी पान वाढलं तर तो येतो, उंबऱ्याशी थांबतो आणि उपाशी परत जातो. हे गुरुजींनी सांगितलेलं नाही, माझ्या आईने सांगितलं होतं, आणि मी ते मानते. त्यातून एकादशी असली तर तांदूळ चालत नाही. गुरुजी म्हणाले, भगर करा, शेंगदाण्याची आमटी करा. धानाच्या घरात वाढलेलं पोर ते. खालच्या तळावरून त्याचा शेवटचा फोन आला होता तेव्हा त्याची एकच तक्रार होती, "आई, इथी भातच शिजत नाई वो, कितीबी ठेवा, मंधात कच्चाच राह्यते."

मुखरूभाऊ म्हणतात, तिथीचा एवढा घोळ कशाला, सर्वपित्री अमावास्येला करून टाका, ज्यांची तिथी कोणालाच ठाऊक नाही त्यांचं त्या दिवशी होते. खरं आहे. पण ज्यांचं कोणालाच ठाऊक नाही त्यांच्या पंगतीत मी त्याला का बसवू? त्याचं ठाऊक असलेलं एक माणूस आहे.

ते पुस्तक मी रोज थोडं वाचते. अंकुशने ते मला आधीच ऐकवलं होतं, मी तांदूळ निवडताना, पत्रावळ्या लावताना. इतकं ऐकवलं की कोणता साहेब कोणत्या डोंगरावर गेला हे माझ्या जिभेवर आलं होतं. त्यात ते आपल्याकडचे पंडित होते ना, इंग्रजांनी तिबेट मोजायला चोरून पाठवलेले, ज्यांची जपमाळ शंभर मण्यांची होती. पावलं मोजायला सोपं पडावं म्हणून. मी म्हटलं, का रे, आठ मणी कमी करून देवाला फसवून राह्यले का हे? तर हसून लोळला. "देवाले नाई वो आई, तिबेटच्या शिपायाले." आपल्याकडे डोंगर तो कोणता, सातबहिणीचा. त्यावर तो लहानपणापासून चढत आला. तुम्हा पोरांना आपल्या दोन्ही जिल्ह्यांतून निवडून मोहिमेसाठी तयार करायला लागले तेव्हा मला वाटलं, चढेल, उतरेल, फोटो काढेल, येईल. उतरण्याचा विचार मी चढण्याच्या मानाने फारच थोडा केला.

पुस्तकातल्या दोन गोष्टी मला तेव्हाही आवडल्या नव्हत्या. दक्षिण ध्रुवाहून परतणाऱ्या लोकांतल्या एकाचे पाय थंडीने गेले. आपल्यामुळे बाकीचे मागे पडतात म्हणून तो तंबूतून उठला आणि वादळात चालत गेला. अंकुश ही गोष्ट सांगताना उभा राहायचा. मोहिमेच्या मुख्याने रोजनिशीत लिहिलं आहे की त्या दिवशी तारीख सोळा होती की सतरा, हेही आता नक्की सांगता येत नाही. मी विचारलं, मग त्याच्या आईने दिवस कोणता पाळला? तो म्हणाला, "आई, एवढ्या मोठ्या गोष्टीतून तुले हेच सापडलं काय?" हो बाबा, मला हेच सापडलं. दुसरी गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ढगात दिसेनाशा झालेल्या दोन साहेबांची. त्यातला एक पंचाहत्तर वर्षांनी सापडला. पाठीची कातडी तशीच, संगमरवरासारखी. बायको केव्हाच गेलेली, लेकरं म्हातारी झालेली, आणि हा होता त्याच वयाचा. त्या थंडीत काही कुजत नाही. दिव्या, हे मी परवा पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटून देवळीत ठेवलं. इथे आम्ही पळसाचा माणूस जाळणार, मंत्र म्हणणार, मोकळा झाला म्हणणार, आणि तो तिकडे तसाच. न जळलेला, न मातीत गेलेला. मी म्हातारी होऊन मरेन आणि माझा पोरगा पंचविशीचाच राहील. हे गुरुजींना विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्याजवळ त्याला उत्तर नसेल, आणि नसलं तरी ते देतील.

मागच्या दिवाळीनंतर तू आमच्याकडे आलीस ते मला सारखं आठवतं. पळसाच्या दोन्यात चारोळी घेऊन आली होतीस. संकोचून ओसरीच्या कडेला बसलीस, जेवायला वाढलं तर भात मोजका घेतलास, आणि अंकुशने तुझ्या ताटात भसकन् आणखी वाढला नि म्हणाला, "खाय ना, वर गेल्यावर हे भेटनार नाई." तू त्याला एक शिवी घातलीस, हळूच, तुमच्या गोंडीत. मला गोंडी येत नाही पण शिवी कळली. मला बरं वाटलं. तू गेल्यावर तो हात-पाय धूत असताना म्हणाला, "मोहिमेवरून आलो का धानोऱ्याकडे जाऊ, लटारूमामाशी बोलाले. तू येशीन ना?" मी म्हटलं, तुझे मोठे बाबा काय म्हणतील ते? मग मीच म्हटलं, त्यांचं मी पाहीन. हे त्याने तुला सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं नसेल तर माझ्याकडून कळलं. कळून आता उपयोग काहीच नाही. पण तुझं होतं ते माझ्याजवळ ठेवून घेणं बरोबर नाही, म्हणून लिहिलं.

गेल्या आठवड्यात तुमच्या मोहिमेतला बिरजू अहेरीहून आला होता. सामान नीट पोचलं का पाहायला आलो म्हणाला. आला तेव्हा बडबड्या होता, अंकुशने तळावर कोणाची कशी टर उडवली ते सांगत होता, अंकुशचे बाबाही एकदा हसले. मग पडवीतले देठ त्याला दिसले. हे काय, म्हणाला. मी सांगितलं. तिथीचंही सांगितलं, एकादशी. तो म्हणाला, "एकादशी? म्हणजे आपण उतरलो तो दिवस? पण काकू, दुसऱ्या दिवशी तं…" आणि चपला शोधायला लागला. अंकुशचे बाबा बैलांकडे गेले होते. मी त्याला जेवायला बसवलं, वाढत राहिले, काही विचारलं नाही. तिसऱ्यांदा भात वाढला तेव्हा तो ताटाकडे पाहूनच बोलायला लागला.

तू सरांना जे सांगितलंस ते कागदावर आहे : शिखरावरून उतरताना अंकुश घसरला, पाय मोडला, तू त्याला खडकाच्या आडोशाला ओढलंस, आणि तिथेच तो गेला. मग तू खाली आलीस. बिरजूने जे सांगितलं ते कागदावर नाही. म्हणाला, "काकू, तिनं आपले हातमोजे त्याले घातले होते, म्हणून तं तिचे बोटं गेले. मेलेल्याले कोनी मोजे घालते का?" वॉकीटॉकीचा एक सेट अंकुशजवळ राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पात तुझ्याजवळच्या सेटमध्ये टक् झालं. बोलणं नाही, आवाज नाही, पलीकडून कोणी नुसतं बटन दाबावं तसं. सर म्हणाले, थंडीने बॅटरी असं करते. बाकीच्यांनी मानलं. बाहेर वारा इतका होता म्हणे, की तंबूबाहेर रांगतसुद्धा जाता येत नव्हतं. "आम्ही मानलं, काकू, आम्हाले मानाचंच होतं. पन दिव्या सेट मांडीत घेऊन बसली होती. टक् झालं का तीबी एकदा बटन दाबे. मग थांबे. मग तिकडून पुन्हा टक्. सरांनं मागतला, नाई देल्ला." त्याच दिवशी दुपारी वारा जरा पडला तेव्हा बिरजूला आणि दुसऱ्या एका पोराला खाली पाठवलं. तुझी बोटं काळी पडली होती तरी तू उतरायला तयार नव्हतीस. पुढचं त्याला माहीत नाही. तो हात धुवायला उठला आणि मोरीपाशीच बसून रडला. जाताना थोडे तांदूळ बांधून दिले.

मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आला. दोन दिवस आला. देवासमोर बसून तुला वाईट बोलले, आता ते परत घेते. सरांनी खाली ये म्हटलं, बहुतेक अंकुशनेही जा म्हटलं असेल, त्या पुस्तकाच्या गोष्टी त्याच्या डोक्यात होत्याच. राहिली असतीस तर लटारूभाऊंच्या घरीही आज हेच असतं. आणि तो गेला असं तू का सांगितलंस तेही मला समजलं. जिवंत आहे म्हटलं असतं तर पोरं वर निघाली असती, बिरजूही निघाला असता. तू एवढ्यांना वाचवलंस आणि एकाला सेटवर सोबत केलीस. याहून जास्त कोणाला काय करता आलं असतं, ते मी बसून शोधलं. सापडलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तो शेवटचा टक् कोणत्या दिवशी झाला, ते फक्त तुला माहीत आहे. मला दुसरं काही नको. तो काय बोलला, किती दुखत होतं, घाबरला होता का, हे मी कधीही विचारणार नाही, आणि तू सांगू नकोस, मला ते पेलणार नाही. कागद बदलायचा नाही. अंकुशच्या बाबांना मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. गुरुजींना म्हणेन पंचांग बघण्यात माझी चूक झाली. सोबत एक पोस्टकार्ड घातलं आहे, त्यावर आमचा पत्ता मीच लिहिला आहे. मागच्या बाजूला एकाखाली एक तिथ्या लिहिल्या आहेत, तुझ्या हाताने लिहिणं होत नसेल म्हणून. एकादशी, द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा. त्यापुढच्या लिहायला माझा हात चालला नाही. पण त्यापुढची असली तरी खाली जागा सोडली आहे. जी असेल तिच्यापुढे पेनाने, कोळशाने, कशानेही एक रेघ ओढ, आणि कोणाला न दाखवता धानोऱ्याच्या पेटीत टाक. अष्टमीच्या आत पोचायला हवं, दिव्या. उलट टपाली पाठव.

तुझीच,
अंकुशची आई